दुखणं मराठीत, गोळी इंग्रजीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला इंग्रजी शिकवणार आहे असं म्हटलं, तर निम्मे श्रोते रेडिओचा कान पिरगाळून मोकळे होतील. पण घाबरू नका. व्याकरण नाही, स्पेलिंग नाही, पाठांतर तर नाहीच. फक्त पंधरा-वीस शब्द. आणि तेही असे, की या क्षणी ते तुमच्या घरातच आहेत. फ्रिजवरच्या डब्यात, कपाटाच्या खणात, नाहीतर आजीच्या उशाखाली. दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेले शब्द.

मी महाड तालुक्यातल्या तुडीलची. आमचं गाव खाडीपट्ट्यातलं. इथल्या बऱ्याच घरांतला एखादा तरी माणूस मुंबईला आहे, नाहीतर आखातात आहे. सुट्टीवर येणारा प्रत्येकजण येताना खाऊ आणतो, साबण-अत्तर आणतो आणि आईवडिलांसाठी दुखण्यावरच्या गोळ्या आणतो. त्यामुळे आमच्याकडच्या औषधांच्या डब्यात महाडची गोळी, मुंबईची गोळी आणि दुबई-कुवेतची गोळी अशा तिघी सवती एकत्र नांदतात.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज बोटीवर आहेत, बँकेत आहेत. आणि तरीही जे मी आता सांगणार आहे, ते माझ्याच घरात घडलं.

आईचे गुडघे दुखायचे. महाडला दाखवलं, डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या. त्याच सुमारास भाऊ मुंबईहून आला. त्यानं दुसरी गोळी आणली. गुडघ्यावर रामबाण आहे, त्याच्या शेजारच्यांना गुण आला होता म्हणे. एक पाकीट हिरवं, एक लालसर. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. आईनं सरळ हिशेब केला. एक डॉक्टरची, एक लेकाची. दोघांचाही मान राखायचा. मधे संकष्टी आली, तेव्हा तिनं दोन्ही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला उठताना अंधारी आली. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते तिनं लाजेनं कुणाला सांगितलंच नव्हतं. पोटात रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात ठेवावं लागलं, रक्त चढवावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी घरातला गोळ्यांचा डबा मागवून घेतला. दोन्ही पाकिटं उलटी करून शेजारी शेजारी ठेवली आणि पेनाच्या टोकानं बारीक अक्षरातली एक-एक ओळ दाखवली. दोन्हीकडे एकच शब्द होता. डायक्लोफेनॅक. आई एकच औषध दुप्पट घेत होती. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही हे वाचलं नव्हतंत का?"

मी वाचलं नव्हतं. वाचता येत नव्हतं असं नाही. वाचायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. आई वाचली, पुढे बरीच वर्षं जगली. पण त्या प्रश्नाची बोच माझ्या मनातून गेली नाही. निवृत्त झाल्यावर मी दुपारच्या वेळी आमच्या पडवीत बायकांना जमवायला लागले. अट एकच. येताना घरातला गोळ्यांचा डबा घेऊन यायचा. आमचं पाठ्यपुस्तक तेच.

आता आधी एक गोष्ट कबूल करू. दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी अजिबात गरीब नाही. डोकं ठणकतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, कंबरेत चमक निघते, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, पायाला रग लागते, पोटात मुरडा येतो, हातापायाला मुंग्या येतात. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गळूत कधी उसण भरत नाही आणि पाठ कधी ठसठसत नाही. डॉक्टर इंग्रजीत शिकतात तेव्हा त्यांनाही नेमके हेच भेद शिकवलेले असतात. ठणक्याला ते थ्रॉबिंग म्हणतात, पायापर्यंत उतरत जाणाऱ्या चमकेला रेडिएटिंग, मुरड्याला क्रॅम्प, आग होण्याला बर्निंग, मुंग्यांना टिंगलिंग. तेव्हा डॉक्टरांसमोर बसल्यावर "पेन होतंय" असं अर्धंमुर्धं इंग्रजी बोलू नका. तिथे आपला मराठी शब्दच वापरा. "दुखतंय" यापेक्षा "डाव्या कुशीतून कळ येते आणि जांघेपर्यंत जाते" या एका वाक्यातून डॉक्टरांना मुतखड्याची शंका येऊ शकते.

आजकाल मोठ्या दवाखान्यात विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" याला पेन स्केल म्हणतात. आमच्या बायकांना ही कल्पना एका मिनिटात समजली, कारण आपल्याकडे ती आधीपासून आहे. "डॉक्टर, चार आणे फरक आहे, बारा आणे अजून तसंच आहे," असं आपल्या आज्या सांगतच आल्या. आणे व्यवहारातून गेले, दुखण्यातून गेले नाहीत.

म्हणजे दुखणं सांगायला मराठी पुरते. अडतं ते गोळीपाशी. कारण गोळीवर मराठी नसते. तेव्हा पहिला धडा. पाकिटावर दोन नावं असतात. एक मोठ्या, रंगीत अक्षरात. दुसरं त्याच्या आसपास बारीक अक्षरात. मोठं नाव हे दुकानातलं नाव, त्याला ब्रँड म्हणतात. बारीक नाव हे औषधाचं खरं नाव, त्याला जेनेरिक म्हणतात. हे मी बायकांना असं समजावलं, की समजा एका माणसाला घरी बाळ्या म्हणतात, गावात बाळू आणि मुंबईच्या कचेरीत बाळासाहेब. तिन्ही हाकांना ओ देणारा माणूस एकच. शाळेच्या दाखल्यावर मात्र एकच नाव, बाळकृष्ण. आपण गोळीचं दाखल्यावरचं नाव वाचायला शिकायचं.

ते शिकल्यावर पहिल्याच दिवशी गंमत झाली. शेजारच्या चाचींच्या डब्यात क्रोसिन निघाली, डोलो निघाली आणि मुलानं आखातातून आणलेली पॅनाडॉल निघाली. चाची म्हणाल्या, "ही तापाची, ही अंगदुखीची आणि ही लेकाची, ही जास्त भारी." तिन्ही पाकिटं उलटी केली. तिन्हींवर एकच नाव, पॅरासिटामॉल. चाची बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तीन गोळ्या खात नव्हते, एकच गोळी तीनदा खात होते." इतका नेमका सारांश मला वर्गात क्वचितच मिळाला असेल.

पॅरासिटामॉलला आणखी एक नाव आहे, तेही लक्षात ठेवा. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे टायलेनॉल नावाची गोळी येते. तिच्यावर पॅरासिटामॉल असा शब्द दिसत नाही, ॲसिटामिनोफेन असा दिसतो. औषध तेच. एका लांबलचक रासायनिक नावातली काही अक्षरं इंग्रजांनी उचलली आणि पॅरासिटामॉल केलं, अमेरिकनांनी दुसरी उचलली आणि ॲसिटामिनोफेन केलं.

दुसरा धडा आकड्यांचा. नावापुढे पाचशे एमजी किंवा साडेसहाशे एमजी असं लिहिलेलं असतं. एमजी म्हणजे मिलिग्रॅम. एक हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसानं चोवीस तासांत चार ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घ्यायचं नसतं. म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा झाली. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू असेल तर मर्यादा त्याहून खाली, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. मर्यादा ओलांडली तर हे साधंसुधं वाटणारं औषध यकृत निकामी करू शकतं. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. म्हणून मिश्र गोळ्यांकडे लक्ष हवं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं आणि पॅरासिटामॉलही असतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं. काही गोळ्यांच्या नावाला शेवटी प्लस किंवा पी असं शेपूट असतं. ते दिसलं की समजायचं, गाडीत आणखी एखादा प्रवासी बसलाय. बारीक अक्षरं वाचायची. मिश्र गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या सरकारनं २०११ साली केला तो याच भीतीपोटी.

लहान मुलांच्या औषधात तर आकडे जास्तच जपावे लागतात. पॅरासिटामॉलच्या बाटल्या तीन तऱ्हांच्या मिळतात. एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये साधारण सव्वाशे मिलिग्रॅम औषध असतं. दुसऱ्यात तेवढ्याच चमच्यात अडीचशे. आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरमध्ये शंभर. म्हणजे ड्रॉप्सची छोटी बाटली सगळ्यांत सौम्य नाही, ती सगळ्यांत दाट आहे. थेंबांचं औषध कुणी सिरप समजून चमचाभर पाजलं, तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली. बाटलीबरोबर आलेलं माप दुसऱ्या बाटलीला वापरू नका आणि स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच.

तिसरा धडा घराण्यांचा. नावांच्या शेवटाकडे पाहा. आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक. आडनावावरून जसं गाव कळतं, तसं या शेवटावरून औषधाचं घराणं कळतं. ही सगळी एका मोठ्या कुळातली. डॉक्टर त्या कुळाला एनसेड म्हणतात. सूज उतरवणं आणि वेदना कमी करणं हे त्यांचं काम. पण शरीरातली जी रसायनं सूज आणतात, त्यांच्याच भावंडांमुळे जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. ही औषधं दोघांनाही एकदम अडवतात. म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. म्हणून अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती आपल्या मनानं घ्यायचीच नाहीत. आणि म्हणूनच एकाच कुळातली दोन औषधं एका वेळी नकोत. माझ्या आईचं नेमकं तेच झालं.

या कुळातला आद्य पुरुष ॲस्पिरिन. १८९९ साली बायर या जर्मन कंपनीनं ते याच नावानं बाजारात आणलं. त्याची मुळं विलो नावाच्या झाडाच्या सालीपर्यंत जातात. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज हा त्याच विलोचा भाऊबंद. ॲस्पिरिन रक्त पातळ ठेवतं, म्हणून हृदयरोग्यांना ते अगदी थोड्या मात्रेत देतात. पण मुलांच्या तापात ते देत नाहीत. आणि पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना, ॲस्पिरिन काय किंवा फेनॅक-प्रोफेन काय, कुणाच्याच वाटेला जायचं नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तेव्हा मदतीबरोबर औषधंही आली. कापलेल्या पट्ट्या, पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या. ज्या गोळीवरचं नाव वाचता येत नाही ती गोळी घ्यायची नाही, हा नियम आम्ही त्यावरून केला. पट्टीतून गोळी कापतानासुद्धा नाव आणि एक्स्पायरीचा भाग शेवटपर्यंत राखून ठेवायचा.

डायक्लोफेनॅकची आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. पूर्वी मेलेल्या गुरावर गिधाडांचा थवा उतरायचा, तो १९९० नंतर दिसेनासा झाला. कारण कळेना. २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दुखण्यासाठी गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. आपल्याकडे म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडं टिकावीत म्हणून महाडच्या सीस्केप या संस्थेनं वर्षानुवर्षं काम केलं. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "ज्यानं एवढं मोठं पाखरू पडतं, ते मी शेंगदाण्यासारखं खात होते!" अर्थात माणसाचं आणि गिधाडाचं शरीर वेगळं. पण गोळीकडे पाहायची त्यांची नजर त्या दिवसापासून बदलली, हे मात्र खरं.

चौथा धडा डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या खुणांचा. यात मजा अशी, की ज्याला आपण इंग्रजी समजतो ते मुळात लॅटिन आहे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, ओडी म्हणजे एकदा, एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. आणि सगळ्यांत फसवा शब्द एसओएस. बोटीवर काम केलेल्या आमच्या एका काकांना वाटलं, ही तर बुडत्या जहाजाची हाक. चिठ्ठीवर एसओएस पाहून ते रात्रभर जागले. इथे त्याचा अर्थ एवढाच, की गरज वाटली तर घ्या, नाहीतर घेऊ नका. कुणाला हे कळत नाही आणि तो एसओएसची गोळी नेमानं दिवसातून तीनदा घेत राहतो. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असा नियम २०१६ मध्ये झाला. अक्षर लागलं नाही तर पुन्हा विचारायला संकोच करू नका. विचारणारा अडाणी ठरत नाही.

पाकिटावरचे आणखी तीन शब्द. फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली म्हणजे फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. एसआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी, ती फोडायची किंवा चावायची नाही. आणि आरएक्सची खूण किंवा लाल उभी रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

आता शेवटचा आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा शब्द. पेनकिलर. किलर म्हणजे मारणारा. हा शब्द जरा जास्तच मोठा आहे. गोळी वेदना मारत नाही, काही तास तिचा आवाज कमी करते. वेदनेचं कारण जागच्या जागी असतं. आपलं वेदनाशामक हे नाव अधिक प्रामाणिक आहे. शमवणारं, एवढंच.

याचा धडा आमच्या महाड भागानं साऱ्या जगाला दिलेला आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं दगावत. विंचवाची वेदना भयंकर, त्यामुळे सगळं लक्ष वेदनेकडे. डॉ. बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, निरीक्षणं लिहीत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की रोगी दगावतो तो हृदयावर ताण येऊन आणि फुफ्फुसात पाणी साचून. मग त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यांचं संशोधन लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन हे वेदनाशामक नव्हे. पण जीव वाचला तो त्यानं. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, तर दुखण्याची गोळी शोधत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन डाव्या हाताकडे कळ गेली तरी तेच. पोटात अचानक असह्य दुखलं तरी तेच. ही दुखणी दाबायची नसतात, ऐकायची असतात.

संस्कृतात विद् म्हणजे जाणणे. वेद त्यातून आला, विद्या त्यातून आली आणि वेदनाही त्यातूनच आली. शरीर आपल्याला काहीतरी कळवतं, ती वेदना. मग त्या वेदनेवरचं औषध न जाणता घेणं आपल्याला शोभत नाही.

तेव्हा आज एवढंच करा. हा कार्यक्रम संपला की घरातला गोळ्यांचा डबा खाली काढा. चष्मा लावा, नाहीतर नातवंडाला शेजारी बसवा. प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरातलं नाव मोठ्यानं वाचा आणि वहीच्या एका पानावर मराठीत लिहून काढा. कोणती दोन नावं सारखी निघतात ते पाहा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. आणि ते पान पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर न्या.

माझ्या आईनं शेवटच्या वर्षांत ते पान स्वतः लिहिलं होतं. अक्षर वेडंवाकडं, डायक्लोफेनॅकचा उच्चार तिला कधीच जमला नाही. ती त्याला "ते फेनॅकवालं" म्हणायची. पण नवी गोळी हातात आली की आधी पाकीट उलटं करायची आणि विचारायची, "यात ते फेनॅकवालं नाही ना?" मी शिकवलेलं सगळ्यांत उपयोगी इंग्रजी ते तेवढंच.